घरात पायात काय घालता?

सपाट फरशीवर चालताना पुढे जाणाऱ्या पावलाचा चवडा जमिनीपासून किती वर असतो? अंदाज विचारला तर लोक चार बोटं दाखवतात. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या टप्प्यावर हे अंतर जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर असतं, आणि नेमकं तेव्हाच पाऊल भरवेगात असतं. म्हणून तर फरशीची एखादी कड वर आलेली असली, तर धडधाकट माणूसही तोंडावर आपटतो.

ही उचल देणारे स्नायू नडगीच्या पुढच्या अंगाला, किंचित बाहेरच्या बाजूला असतात. त्यांतला मुख्य टिबिॲलिस अँटेरिअर. चवडा वर ओढणं हे त्यांचं एक काम आणि टाच टेकल्यावर पाऊल अलगद खाली सोडणं हे दुसरं. ते दुबळे पडले की चवडा लोंबतो, चपलेचं टोक घासून झिजतं आणि टाच टेकल्याबरोबर उरलेलं पाऊल फरशीवर थप्पकन आपटतं. हा आवाज अनेकदा रुग्णाच्या आधी घरच्यांच्या कानांवर येतो. माणूस मग नकळत गुडघा उंच उचलून चालू लागतो, वाटेत घोटाभर पाणी साचलेलं असावं तसा. डॉक्टर कागदावर लिहितात ‘फूट ड्रॉप’. उंबरठा, बसची पायरी, पायपुसण्याची दुमडलेली कड, लोकलच्या डब्याची चढण या सगळ्यांची आता धास्ती वाटू लागते.

चिठ्ठीवर बहुधा आणखी तीन अक्षरं असतात : एएफओ. म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा, पोटरीपर्यंत येणारा आधार. सर्जिकलच्या दुकानात तो ‘फूट ड्रॉप स्प्लिंट’ म्हणून मिळतो, जुनी माणसं त्याला सरसकट ‘कॅलिपर’ म्हणतात आणि घरात त्याचा ‘पट्टा’ होतो. लहान, मध्यम, मोठा. डावा की उजवा. एवढ्या दोन प्रश्नांवर खरेदी उरकते. आठवडाभर पट्टा पायात असतो, नंतर कपाटावर. टोचतो, घाम येतो, बुटात मावत नाही, घरात घालता येत नाही. घरचे म्हणतात, ‘यांनाच नको आहे चालायला.’ बिचाऱ्या रुग्णाचा दोष त्यात कमी असतो. पट्टा निवडताना जे विचारायला हवं होतं ते कुणी विचारलेलंच नसतं.

पहिला प्रश्न अर्थातच कारणाचा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, बोटाला हाडाचं एक टेंगूळ लागतं. ते फिब्युला या हाडाचं डोकं. त्याच्या जरासं खाली कॉमन पेरोनिअल नावाची नस हाडाला वळसा घालून पुढे येते, आणि तिथे तिच्यावर कातडी आणि चरबीचा पातळ थर सोडला तर फारसं काही नसतं. पायावर पाय टाकून तासन्‌तास बसणं, शेतात दिवसभर उकिडवं बसून काम करणं, गुडघ्यापर्यंतचं घट्ट प्लास्टर, गंभीर आजारात एकाच कुशीवर पडून राहणं, यांतलं काहीही तिला दाबायला पुरेसं आहे. झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांतही ती दबते, कारण तिला जपणारी चरबीच गेलेली असते. नस इथे शाबूत असेल तर दोष वर कुठेतरी शोधायचा. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली सरकलेली चकती, नितंबात चुकीच्या जागी दिलेलं इंजेक्शन, मधुमेह, गुलियन-बारे, शार्को-मारी-टूथ हा आनुवंशिक विकार, अर्धांगवायू. आपल्याकडे या यादीत आणखी एक नाव असतंच, कुष्ठरोगाचं. त्याचे जंतू गुडघ्यालगतच्या याच नसेला गाठतात.

पाऊल अचानक पडलं आणि सोबत लघवी अडली किंवा जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, तर पट्ट्याचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातातली वस्तू पडली तर हिशेब दिवसांचाही नाही, तासांचा. बाकीच्यांसाठी नसांची ईएमजी-एनसीव्ही तपासणी असते. दुखापतीनंतर साधारण तीन आठवड्यांनी केली तर ती नीट उत्तर देते. त्या उत्तराचा पट्ट्याशी थेट संबंध आहे. नस नुसती दबली असेल तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ताकद परत येऊ शकते, मग महागडा पट्टा करून घेण्यात अर्थ नाही. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीनं वाढतात, म्हणजे गुडघ्यापासून नडगीच्या स्नायूंत पोचायलाच महिने जातात. कारण मेंदूत असेल तर मामला वेगळा. तिथे पाऊल नुसतं लोंबत नाही, ते ताठरतं आणि आत वळतं.

लोंबणाऱ्या पावलाला उचल हवी, ताठरलेल्याला आवर हवा. दुकानातल्या फळीवर मात्र दोघांसाठी एकच खोकं असतं.

सर्वांत हलका प्रकार म्हणजे घोट्याभोवतीचा मऊ कफ आणि त्यातून बुटाच्या लेसखाली जाऊन अडकणारा इलॅस्टिकचा पट्टा. ऑसर कंपनीचा ‘फूट-अप’ हा यातला जगभर ओळखला जाणारा नमुना. त्याच धर्तीचे देशी पट्टेही मिळतात. पोटरी ताठर नाही, घोटा बाजूला लचकत नाही, फक्त चवडा पडतो, अशा माणसाला तो पुरतो आणि पँटखाली दिसतही नाही. त्यापुढचा प्रकार पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ पत्र्याचा. पोटरीच्या मागून टाचेखाली उतरणारी ती निमुळती पट्टी टाच टेकताना किंचित वाकते आणि पाय उचलला की मूळ जागी येते. याला ‘लीफ स्प्रिंग’ म्हणतात. याच पत्र्याच्या कडा घोट्याच्या हाडांच्या पुढपर्यंत येऊ दिल्या तर तो होतो ‘सॉलिड’ एएफओ, घोटा जाम करणारा. कड हाडामागे कापली की पट्टा लवतो, पुढे ठेवली की ताठ राहतो. दोन-तीन सेंटिमीटरच्या कापणीवर पट्ट्याचा सगळा स्वभाव ठरतो. कार्बन फायबरचे पट्टे याहून हलके आणि उसळी देणारे असतात. त्यांची किंमत हजारांत नव्हे, दहा हजारांच्या पटीत मोजावी लागते, आणि पॉलिप्रॉपिलीन तापवून जसं जागच्या जागी थोडं फुगवता येतं, तसं त्यांचं करता येत नाही. महाग म्हणजे आरामशीर हे समीकरण इथे चालत नाही.

या सगळ्या प्रकारांच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि ते आपल्याकडचं नाही : माणूस सकाळी बूट चढवतो आणि रात्री झोपताना काढतो. प्लास्टिकचा एएफओ हे अर्धंच साधन आहे. उरलेलं अर्धं म्हणजे बूट. बूट टाचेला धरून ठेवतो, तळाला पकड देतो आणि पट्ट्याला पायाशी बांधून ठेवतो. आपल्याकडे बूट दारात निघतात. घरात अनवाणी, देवळात अनवाणी, दुसऱ्याच्या घरी गेलं तरी अनवाणी, आणि बाहेर बहुतेक वेळा चप्पल. नुसता पट्टा घालून मोझॅकच्या फरशीवर पाय ठेवला तर गुळगुळीत प्लास्टिक सरकतं. ओल्या न्हाणीघरात तर विचारायलाच नको. म्हणजे चवडा अडखळू नये म्हणून आणलेला पट्टा माणसाला घसरवू शकतो. पट्टा बनवणाऱ्यानं पहिल्याच भेटीत विचारायला हवं : घरात पायात काय घालता?

कृत्रिम पायाच्या बाबतीत हा प्रश्न विचारला गेला होता. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८च्या सुमारास जो ‘जयपूर फूट’ घडवला, तो बुटाशिवाय चालण्यासाठी, उकिडवं बसण्यासाठी, मांडी घालण्यासाठी आणि शेतातल्या चिखलात उतरण्यासाठी. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाय गमावलेल्याची बैठक, त्याचं शेत, त्याचं अनवाणी असणं तिथे रचनेच्या केंद्रस्थानी आलं. ज्याचा पाय शाबूत आहे पण पाऊल पडलं आहे, त्याच्या नशिबी अजून बहुधा बुटात घालायचा पट्टाच येतो.

अपवाद सापडतो तो कुष्ठरोगाच्या दवाखान्यांत. तिथला रुग्ण बूट घालणारा नव्हता, हे डॉक्टरांना समोर दिसत होतं. तमिळनाडूच्या डोंगराळ भागात १९१४ साली जन्मलेले आणि १९४६मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झालेले डॉ. पॉल ब्रँड यांनी बधिर पावलांवर दाब कुठे येतो, जखम कशी होते, याचा पिच्छा पुरवला. त्यातून मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला रूढ झाल्या. ‘एमसीआर चप्पल’ आजही कुष्ठरोग कार्यक्रमात वाटली जाते. पडलेल्या पावलासाठी याच चपलेला जोड देतात : गुडघ्याखाली एक पट्टा आणि तिथून चपलेच्या पुढच्या भागाकडे ओढून घेतलेला रबर किंवा स्प्रिंग. दिसायला ओबडधोबड, पण गावातल्या चांभाराला दुरुस्त करता येण्याजोगं. गुडघ्याखालचा तो पट्टा फार आवळला तर मात्र आधीच आजारी असलेली नस आणखी दबते.

कुष्ठरोगात कडक प्लास्टिक जपूनच वापरावं लागतं. पावलाला संवेदना नसेल तर टोचल्याची तक्रारच येत नाही, येतो तो थेट व्रण. मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांनाही हेच लागू. ‘काही त्रास नाही, छान बसलाय’ हे त्यांचं उत्तर पुरावा म्हणून धरायचं नसतं. मोजा काढून कातडी बघायची असते.

आता मापाचा एएफओ कसा बनतो ते पाहू. मुंबईत हाजी अलीला १९५५ साली सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, पुण्यात १९४४पासूनचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, आणि मोठ्या शहरांत खासगी कार्यशाळा आहेत. पद्धत बरीचशी सारखीच. रुग्णाला खुर्चीत बसवून पायावर पातळ मोजा चढवतात आणि ज्या जागा पुढे दुखणार आहेत त्यांवर शाई-पेन्सिलीनं खुणा करतात : घोट्याची दोन्ही हाडं, पावलाच्या आतल्या कमानीवरचा उंचवटा, करंगळीच्या बाजूचं मधलं हाड आणि फिब्युलाचं डोकं. मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतात. प्लास्टर आळून घट्ट होईपर्यंतची काही मिनिटं निर्णायक. तंत्रज्ञ एका हातानं टाच आणि दुसऱ्यानं चवडा धरून घोटा काटकोनात आणतो आणि पाऊल आत किंवा बाहेर कलू देत नाही. इथे अंशांचा फरक पडला तर पुढे महिनोन्‌महिने तो चालण्यात दिसतो. प्लास्टर कापून काढलं की पेन्सिलीच्या खुणा आतल्या बाजूला उमटलेल्या असतात. त्या पोकळ साच्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती तयार होते. तंत्रज्ञ ती कानशीनं घासतो आणि खुणा असतील तिथे उलट थोडं प्लास्टर चढवतो, म्हणजे पट्ट्यात तेवढी पोकळी राहील. भट्टीत पारदर्शक होईतो तापवलेला पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा शेवटी प्रतिकृतीवर ओढतात आणि व्हॅक्यूमनं चिकटवतात. थंड झाला की कापणी, कडा घासणं, वेल्क्रो.

हे काम करणाऱ्याला प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट म्हणतात. १९९२च्या कायद्यानं स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे त्यांची नोंदणी असते. रुग्णानं नोंदणी विचारायला संकोच करू नये. चष्म्याचा नंबर काढून घेताना आपण विचारतोच की.

पोटरी आखडलेली असेल, घोटा हातानं दाबूनही काटकोनात येत नसेल, तर कुठलाही काटकोनी पट्टा सुखाचा होत नाही. पट्ट्यात टाच तळाला टेकत नाही, वर उचलली जाते आणि सगळा भार चवड्यावर येतो. आधी पोटरीला ताण देण्याचे व्यायाम, रात्रीचा वेगळा स्प्लिंट, क्वचित टप्प्याटप्प्यानं प्लास्टर, आणि तरीही नाही जमलं तर टाचेखाली उंची देऊन पट्टा बनवायचा. दुकानातला पट्टा टोचण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे आणि दुकानदार ते ओळखू शकत नाही.

फिटिंगच्या दिवशी बसून पट्टा बरा वाटला म्हणजे झालं नाही. वरची कड फिब्युलाच्या डोक्याखाली निदान दोन बोटं असावी, नाहीतर ज्या नसेसाठी हा खटाटोप तिच्यावरच दाब यायचा. घोट्यावरचा तिरका पट्टा टाचेला मागे खेचतोय का? टाच आत घट्ट बसली नाही तर प्रत्येक पावलाला ती वर-खाली घासते आणि फोड येतात. मग चालून बघायचं, आणि पावलापेक्षा गुडघ्याकडे बघायचं. सॉलिड पट्ट्यात नडगी फार पुढे झुकलेली असेल तर गुडघा मोडल्यासारखा पुढे जातो, फार मागे असेल तर तो उलट्या बाजूला ढकलला जातो. बुटाच्या टाचेची उंची बदलली की हा कोन बदलतो. म्हणून पट्टा ज्या बुटासाठी बनला त्याच उंचीच्या टाचेत वापरावा लागतो, आणि बूट पट्ट्याच्या आधी घ्यावा लागतो, नंतर नव्हे. तो नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा, आतला सुखतळा निघणारा, तोंड लांबवर उघडणारा, लेसचा किंवा वेल्क्रोचा हवा. पुष्कळ जण दोन्ही पायांसाठी वेगवेगळ्या नंबरांचे दोन जोड विकत घेतात. नाइलाज आहे.

पहिल्या दिवशी तासभर, मग हळूहळू वाढवत. आत गुडघ्यापर्यंतचा, शिवण नसलेला सुती मोजा. काढल्यावर उठलेली लाली अर्ध्या तासात गेली पाहिजे. राहिली तर पट्टा घेऊन परत जायचं. घरी चाकू तापवून कड छाटण्याचे उद्योग करू नयेत. संध्याकाळी पाय सुजणाऱ्यांनी माप देताना ते सांगायला हवं, कारण प्लास्टिक पायाबरोबर फुगत नाही. सूज फार असेल तर पोलिओच्या काळातला बुटाला जोडलेला दोन दांड्यांचा धातूचा कॅलिपर आजही बरा, तो पोटरीला सगळीकडून चिकटत नाही. तो जड असतो आणि पावसाळ्यात त्याचं चामडं वाळत नाही, हे खरं.

घरातल्या प्रश्नाला थोडी उत्तरं आहेत. मागे पट्टा असलेल्या, रबरी तळाच्या चपलांची एक जोडी फक्त घरासाठी ठेवायची आणि ती ओट्यापाशी, देवघरापाशी न्यायला कुणी हरकत घ्यायची नाही. लोंबणारं पाऊल असलेल्यांना, बुटाशिवाय पावलाभोवती गुंडाळायच्या कफचा इलॅस्टिक पट्टा घरात पुरू शकतो. काही जण प्लास्टिकच्या तळाला खडबडीत रबर चिकटवून घेतात. पण मग दुसऱ्या पायाखालीही तेवढीच उंची लागते. जमिनीवर बसण्या-उठण्याचा प्रश्न अधिक अवघड. उकिडवं बसायला घोट्याला पुढे वाकावं लागतं आणि सॉलिड पट्टा ते होऊ देत नाही. घोट्यापाशी बिजागरी असलेला, चवडा खाली पडू न देणारा पण नडगीला पुढे झुकू देणारा पट्टा इथे उपयोगी पडतो. खुर्चीतून उठणं, जिना, चढ हे त्यानं सोपं होतं. बिजागरीमुळे घोट्यापाशी रुंदी वाढते आणि बूट शोधताना पुन्हा दमछाक होते.

अर्धांगवायूनंतरच्या पावलासाठी विजेचाही एक मार्ग आहे. १९६१ साली लिबरसन आणि सहकाऱ्यांनी बुटाच्या टाचेत बटण बसवलं. टाच उचलली की गुडघ्याजवळच्या नसेला सौम्य झटका बसायचा आणि चवडा वर व्हायचा. आजची यंत्रं गुडघ्याखालच्या कफमध्ये मावतात. २०१३मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, १९७ रुग्णांवरच्या चाचणीत ३० आठवड्यांनंतर चालण्याचा वेग यंत्रानं आणि साध्या पट्ट्यानं सारखाच सुधारला. समाधान मात्र यंत्रवाल्यांचं जास्त होतं. यंत्राला नडगीची नस जिवंत लागते. गुडघ्यापाशी नसच मेलेली असेल तर झटका द्यायचा कुणाला? जाहिरातीत हे वाक्य बारीक अक्षरांत असतं.

नस परत येण्याची आशा मावळली तर शस्त्रक्रिया उरते. पाऊल आत वळवणाऱ्या टिबिॲलिस पोस्टेरिअर स्नायूची कंडरा मूळ जागेवरून सोडवून पावलाच्या वरच्या भागात बसवतात. कुष्ठरोगात हा स्नायू सहसा शाबूत राहतो, त्यामुळे वेल्लोर आणि इतर कुष्ठरोग केंद्रांत ही शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाली, आणि राष्ट्रीय कार्यक्रमात पुनर्रचना शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला आर्थिक साहाय्यही मिळतं. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट सांगतात, ‘पाऊल आत वळवा’, आणि चवडा वर उठतो. मेंदूला ही अदलाबदल पटायला काही आठवड्यांचा सराव लागतो. ज्यांना ती पटते त्यांतले बरेच जण पट्टा सोडून देतात, चपलेतच चालतात.

खर्चाचं काय? केंद्राच्या १९८१पासूनच्या एडिप योजनेत कानपूरच्या अलिम्कोसारख्या संस्थांमार्फत साधनं मिळतात, पण त्यासाठी ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि एका घोट्यापुरत्या अशक्तपणात तो आकडा गाठेलच असं नाही. शिबिरांतून वाटप होतं तेव्हा माप एकदा घेतात, पट्टा नंतर कधीतरी येतो, आणि लाली उठली तर दाखवायला कुणी नसतं. म्हणून शिबिरात पट्टा घेणाऱ्यानं निदान एक विचारून ठेवावं : दुरुस्तीला कुठे यायचं? वेल्क्रो झिजला तर कोपऱ्यावरचा चांभार नवा शिवून देतो. घोट्याच्या वळणावर प्लास्टिक पांढुरकं पडलं, रेघ दिसू लागली, तर तो पट्टा तिथेच तुटणार आहे. फेव्हिक्विकनं सांधण्यात वेळ घालवू नये, नव्या मापासाठी नंबर लावावा आणि जाताना घरातली चप्पलही पिशवीत घालून न्यावी.